आधी त्याचं, मग आपलं

मला गप्प बसता येत नाही. हा काही फार मोठा गुन्हा नव्हे, पण नववीच्या वर्गाने त्याला शिक्षा ठरवून टाकली आहे. मुलांची चर्चा चालू असताना मी मागच्या बाकावर बसायचं आणि तोंडातून एक शब्द जरी निघाला, तरी तास संपल्यावर फळा मी पुसायचा. यंदा मी इतक्या वेळा फळा पुसलाय की शिपायाने एकदा हात जोडून माझे आभार मानले. मुलं मला पाठीमागे रेडिओबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर नाव चपखल आहे.

या चर्चांची सुरुवात मीच केली. मी सामाजिक शास्त्रं शिकवते, आणि तीस वर्षं एकटीच बडबडून झाल्यावर मला वाटलं, आता जरा यांनाही बोलू द्यावं. पहिला विषय होता, शाळेत मोबाइल असावा की नसावा. अर्ध्या तासात एकाचं दप्तर खिडकीतून बाहेर गेलं आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या बाईंच्या स्कूटरवर पडलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आरसा फुटलेल्या स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तुमची लोकशाही माझ्या डोक्यात पडली नाही, हे नशीब समजा.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती चर्चा बंद असं सांगायलाच. पण तिसऱ्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उभी राहिली. ती फार बोलणाऱ्यांतली नव्हे. म्हणाली, “बाई, बंद नका करू. एक नियम करू. दुसऱ्याचं बोलणं संपलं की आधी त्याचं म्हणणं त्याच्याकडे बघून आपल्या तोंडाने सांगायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच आपलं. तो ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा सांगायचं.”

“आणि तो मुद्दामच नाही म्हणत बसला तर?” कुणीतरी विचारलं.

“तर आपल्याला अजून कळलेलं नाही असं समजायचं.”

वर्ग हसला, पण नियम चिकटला. मुलांनीच त्याला नाव दिलं, ‘आधी त्याचं, मग आपलं’. त्या मुलीला वर्गाने पंच करून टाकलं आणि तेव्हापासून तिचं नावही पंचच पडलं. चर्चा असली की ती माझ्या खुर्चीत बसते आणि कुणी नियम मोडला की टेबलावर डस्टर आपटते. पंचाने स्वतःचं मत द्यायचं नाही, हेही तिनेच ठरवलं. पहिल्या दिवशी सगळ्यांचा घाम निघाला. समोरचा काय म्हणाला ते कुणालाच धड सांगता येईना, कारण तो बोलत असताना प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे कसं दामटायचं याच्या विचारात. पण हळूहळू जमायला लागलं. गंमत म्हणजे दुसऱ्याचं दोनदा सांगता सांगता पुष्कळदा भांडणातला दमच निघून जायचा. मी मागे बसून बघायचे आणि मला या पोरांचा इतका लोभ दाटून यायचा की न राहवून काहीतरी बोलायचेच. मग फळा.

पंचाचा चुलतभाऊ याच वर्गात. त्याचं नाव भोंगा. त्याने नुसतं ‘हजर’ म्हटलं तरी शेजारच्या वर्गातली मुलं दचकतात. दोघं एकाच घरात वाढली, वरच्या आणि खालच्या मजल्यावर. एक गप्प आणि एक गडगडाटी, पण डबा मात्र मधल्या सुट्टीत एकत्र उघडणार, आणि भोंग्याने तिच्या डब्यातलं अर्धं खाल्लं नाही तर तो आजारी आहे असं समजावं.

वार्षिक पालकसभा जवळ आली तेव्हा धडा आला जागतिकीकरणाचा. “बाई, हा शब्द म्हणण्यातच एक तास जाईल,” भोंगा म्हणाला. मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, की चर्चा चर्चा म्हणून तुम्ही जे काय करता ते एकदा पालकांसमोर करून दाखवा. जाता जाता म्हणाल्या, “आणि दप्तरं बाहेर काढून ठेवा.”

सभेच्या आदल्या दिवशी पंच नकाशाची गुंडाळी न्यायला शिक्षकांच्या खोलीत आली. गुंडाळी हातात घेऊन उभीच राहिली.

“बाई, एखाद्याचा निरोप आपण पोचवलाच नाही, तर ते खोटं बोलणं होतं का?”

“निरोप कुणाचा आणि कुणाला, त्यावर आहे,” मी म्हणाले. “बस आधी.”

ती बसली आणि मग जे बोलली ते एका दमात. तिचे वडील आणि काका, दोघेही सुतार. आजोबांनी घराच्या मागच्या अंगणात वर्कशॉप काढलं होतं, आणि दोघं भाऊ लहानपणापासून त्यातच. एक फळी धरायचा, दुसरा रंधा मारायचा. पण गिऱ्हाईक आटत गेलं. गावाबाहेर एका परदेशी कंपनीचं भलंमोठं दुकान झालं. तिथं कपाटं, पलंग, टेबलं सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात सुट्टं मिळतं, घरी आणून जोडायचं. मागच्या वर्षी काकांनी वर्कशॉप सोडलं आणि त्याच कंपनीत जोडणीचं काम धरलं. कंपनीचा टी-शर्ट घालून ते लोकांच्या घरी जातात आणि खोक्यातल्या काटकोनी चावीने स्क्रू पिळून कपाटं उभी करतात.

“त्या दिवसापासून बाबा काकांशी बोलत नाहीत,” ती म्हणाली. “मग काकाही बोलेनात.”

“आणि तुझी आई? काकू?”

“त्यांचं छान चाललंय. जिन्यात बसून तासतासभर गप्पा मारतात.”

जावाजावांमध्ये विस्तव जात नाही आणि भाऊ मध्यस्थी करतात, अशी घरं मी खूप पाहिली होती. हे उलटंच होतं. पण बायकांच्या गप्पांनी भावांमधला जिना काही लहान होत नव्हता. पाण्याची मोटर एकच, विजेचं मीटर एकच, आजोबांचं आजारपणही दोघांच्या वाटणीचं, आणि भावाला भावाशी काही सांगायचं असलं की हाक मारायची पंचाला. बाबांना सांग. काकाला सांग. भोंग्याला कुणी निरोप देत नसे, कारण त्याने खालच्या मजल्यावर सांगितलेलं वरच्या मजल्यावरच्याला आधीच ऐकू जायचं.

“आठवड्यापूर्वी काकांनी निरोप दिला,” ती गुंडाळीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली. “म्हणाले, बाबांना सांग, कंपनी मला दुसऱ्या शहरात पाठवतेय. परीक्षा झाल्या की आम्ही घर सोडू म्हणतो. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा, मगच वर घरात बोलेन. बाई, मी तो निरोप दिलाच नाही. काका रोज मला विचारतात, बाबा काय म्हणाले? मी म्हणते, अजून काही नाही. आणि काका मान डोलावून जिना चढतात.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, पण ती दोरी तिने इतकी आवळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

“बाबा नको म्हणणार नाहीत, बाई. मला माहितेय त्यांचा स्वभाव. ते म्हणतील, जायचं तर जा म्हणावं. मग तो निरोप मला वर न्यायला लागेल, आणि मग सगळे जातील. भोंगापण.”

मी अर्थातच बोलायला लागले. म्हणाले, आजच्या आज सांगून टाक. मग म्हणाले, नको, मीच येते तुमच्या घरी, दोघांनाही समोर बसवते आणि चांगली खरडपट्टी काढते. मग म्हणाले, नाहीतर असं करू या का. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या माणसासारखी समजूत घातली, “तुम्ही काही करू नका, बाई. मी सांगेन. फक्त उद्याची चर्चा होऊन जाऊ दे.” आणि नकाशा घेऊन गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला लाज कसली.

सभेला वर्ग भरून गेला. पालकांसाठी भिंतीकडेने खुर्च्या मांडल्या होत्या. थोरला भाऊ, पंचाचा बाप, दाराजवळ बसला. उंच, हातावर पॉलिशचे डाग, शर्टाच्या खिशात चपटी पेन्सिल. धाकटा आला तो कामावरूनच, कंपनीचा टी-शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी. तो सरळ दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी जाऊन बसला. दोघांची नाकं मात्र एकाच साच्यातली, आणि दोघंही ती एकाच पद्धतीने वर करून फळ्याकडे बघत होते. मोठ्या बाई मध्ये. मी मागच्या बाकावर, तोंडावर हात ठेवून.

पंचाने डस्टर आपटलं. “विषय, जागतिकीकरणाने आपल्याला काय दिलं आणि काय नेलं. नियम एकच. आधी त्याचं, मग आपलं. नियम खोलीतल्या सगळ्यांना.”

सुरुवात केली इस्त्रीवाल्याच्या मुलीने. तिचं नाव कडक, आणि ते स्वभावावरूनही आहे. “आता बाहेरून जे शर्ट येतात त्यांच्यावर छापलेलंच असतं, इस्त्री करू नये,” ती म्हणाली. “म्हणजे कुठल्या देशात कोण बसलंय मला माहीत नाही, पण तो माझ्या बाबांचं गिऱ्हाईक तिथूनच परत पाठवतो.”

फुटबॉलवेडा एक मुलगा उभा राहिला. “ती म्हणते, शर्ट बाहेरून आले म्हणून तिच्या बाबांचं काम गेलं.”

“गेलं नाही म्हणाले. कमी झालं,” कडक म्हणाली.

“ती म्हणते, कमी झालं. आणि ते कुणी केलं हेसुद्धा दिसत नाही.”

“बरोबर.”

“आता माझं. माझे बूट तसेच आलेत बाहेरून. इथले घेतले असते तर मला अजून दोन वर्षं अनवाणी खेळायला लागलं असतं. पण मी ते तिच्या बाबांना सांगायला जाणार नाही. मला वाईट वाटेल.”

पालकांमध्ये हशा पिकला, पण मायेचा. मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं आणि भुवया उंचावल्या. माझी छाती फुगली. पोरं एकेक करून बोलत होती, एकमेकांचं सांगत होती, चुकत होती, पुन्हा सांगत होती. कुणी मोठ्याने बोलायला लागलं की पंच नुसतं डस्टर उचलायची, आपटायलाही लागत नसे.

मग भोंगा उठला.

“माझे बाबा कपाटं जोडतात,” त्याने सुरुवात केली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. “त्या कपाटाचं लाकूड एका देशातलं, स्क्रू दुसऱ्या देशातले, चित्र तिसऱ्याच देशात काढलेलं. पण ते खोक्यातून बाहेर येऊन उभं राहतं ते माझ्या बाबांच्या घामामुळे. म्हणून ते कपाट थोडं आपलंही आहे.”

“घाम?” दाराजवळून आवाज आला. थोरला भाऊ. बोलायचं नसावं त्याला, पण तोंडातून निघून गेलं. “स्क्रू पिळायला घाम येतो होय? आणि लाकूड कुठलं आलंय त्यात! भुसा दाबून केलेल्या फळ्या त्या.”

सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. पंचाने डस्टर आपटलं.

“बाबा, आधी त्याचं.”

“काय?”

“तो काय म्हणाला ते आधी सांगा. मग तुमचं.”

मोठ्या बाई खुर्चीत हलल्या. “अगं, पालकांना कसला नियम लावतेस!”

“नियम खोलीतल्या सगळ्यांना आहे,” पंच म्हणाली. “मी सुरुवातीलाच सांगितलं.”

थोरला भाऊ कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता हा उठून चालायला लागणार. पण समोर पुतण्या उभा होता, आणि त्या पुतण्यावर त्याचा जीव होता हे कुणालाही दिसलं असतं. त्याने घसा साफ केला. “तो म्हणतो, कपाट कुठूनही आलं तरी ते उभं करायला त्याच्या बापाला कष्ट पडतात. म्हणून त्यात त्याचा वाटा आहे.”

“बरोबर, मोठे काका!” भोंगा म्हणाला, आणि इतक्या आनंदाने की थोरल्याला आपलं काय बोलायचं होतं तेच आठवेना. तो बसणार, तेवढ्यात खिडकीजवळचा धाकटा उभा राहिला.

“मला बोलायचंय.” तो भावाकडे बघत नव्हता. फळ्याशी बोलत होता. “घाम येतो की नाही ते सोडा. पण मी वर्कशॉप सोडलं ते हौस म्हणून नाही. तिथं एकाच माणसाचं पोट भरेल एवढंच काम उरलं होतं. दोघं राहिलो असतो तर दोघंही उपाशी. त्याला दुसरं काही येत नाही आणि येऊही नये, इतका चांगला कारागीर आहे तो. म्हणून मी निघालो.”

पंचाने वडिलांकडे बघितलं. नियम सांगायची गरजही नव्हती.

“तो म्हणतो,” थोरला म्हणाला, “वर्कशॉप बुडायला लागलं, म्हणून तो आधी पळाला.”

“बरोबर?” पंचाने काकांना विचारलं.

“नाही.”

“तो म्हणतो, त्याला चांगला पगार मिळाला आणि मला फक्त सुतारकाम येतं.”

“नाही,” धाकटा म्हणाला. आता तो फळ्याकडे बघत नव्हता. “असं नाही म्हणालो मी, दादा.”

भोंग्याने आ वासला होता. थोरल्याने खिशातली पेन्सिल काढली, बोटात फिरवली, परत ठेवली.

“तो म्हणतो, काम एकापुरतंच होतं. आणि ते त्याने मला ठेवलं.”

“बरोबर.”

मी तोंडावरचा हात घट्ट दाबून धरला होता. नाहीतर त्या दिवशी अख्ख्या शाळेचे फळे पुसायला लागले असते.

“आता तुमचं, बाबा.”

“माझं एवढंच,” थोरला म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “काम एकापुरतं आहे हे कुणी ठरवलं? त्याने एकट्याने. सकाळी उठून बघतो तर हा टी-शर्ट घालून जिन्यात उभा. आयुष्यभर एक फळीसुद्धा आम्ही एकमेकांना न विचारता कापली नाही. मला विचारलं नाही त्याने. बाकी तो काय पिळतो ते पिळू दे.”

आता धाकट्याने सांगायचं होतं. आणि इथं घोडं अडलं. वर्षभराची सवय अशी, की तो सरळ पुतणीकडे वळला.

“बाबांना सांग,” तो तिला म्हणाला, “की या वेळी विचारलंय मी. घर सोडून दुसऱ्या शहरात जातोय, तुमचं काय म्हणणं आहे, असा निरोप पाठवून आठवडा झाला. त्यालाही उत्तर नाही. म्हणून मी समजलो, की जावं.”

“कसला निरोप?” थोरला म्हणाला. “कुठं जातोय? कोण?”

दोघांनीही एकदमच पंचाकडे बघितलं. मग सगळ्या वर्गाने. भोंगासुद्धा तिच्याकडे बघत राहिला, कारण त्यालाही घर सोडायचं हे घरात कुणी सांगितलं नव्हतं.

मी अर्धी उठले होते. नियम गेला खड्ड्यात, असंच माझ्या मनात आलं होतं. ही माझी मुलगी असती तर मी तिला तिथून उचलून बाहेर नेलं असतं. पण तिने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडीशी. मी परत बसले.

“पंचाला मत देता येत नाही,” ती म्हणाली. ती खुर्चीवरून उतरली, डस्टर कडकच्या हातात दिलं आणि आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन उभी राहिली. मग हात वर केला. “मला बोलायचंय.”

कडक खुर्चीत जाऊन बसली. तिलाही काय चाललंय ते कळत होतं, पण कडक ती कडक. “आधी त्यांचं,” ती म्हणाली.

“बाबा म्हणतात, काकांनी विचारायला हवं होतं. काका म्हणतात, आता विचारलंय, पण उत्तर आलं नाही. बरोबर?”

“बरोबर,” दोघंही म्हणाले. एकाच वेळी.

“आता माझं. तो निरोप मी दिला नाही. बाकीचे सगळे दिले, पण तेही तसेच नाही दिले. बाबा म्हणायचे, त्या स्क्रूवाल्याला सांग मोटर बंद कर, टाकी वाहतेय. मी वर जाऊन म्हणायचे, काका, मोटर बंद करायची राहिली वाटतं. काका म्हणायचे, सांग त्यांना, आजोबांना दवाखान्यात नेणं हे माझ्या एकट्याचं काम नाही. मी खाली येऊन म्हणायचे, बाबा, काका विचारत होते तुम्हीही येताय का, म्हणजे बरं वाटेल. तुम्ही दोघंही मग गेलात. गाडीत मागच्या सीटवर मी आजोबांशेजारी बसले होते आणि पुढे तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत.” तिने श्वास घेतला. “हा एक निरोप मला बदलता येईना. कसाही सांगितला तरी त्याचा अर्थ जायचं असाच होत होता. म्हणून ठेवून दिला. आता मी निरोप नेणार नाही. एकाचाही नाही. मी दमले.”

लोक निरोपाच्या वाटेत ‘ध’ चा ‘मा’ करतात. या पोरीने वर्षभर ‘मा’ चा ‘ध’ केला होता, रोज, जिना चढत आणि उतरत, आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. मला रडू आलं. आलं तर आलं. शेजारच्या एका आईने मला पदराचं टोक दिलं आणि दुसऱ्या टोकाने स्वतःचे डोळे पुसले.

“तिचं कोण सांगणार?” कडकने विचारलं. “कुणीतरी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

थोरला उभा राहिला. “ती म्हणते,” त्याने सुरुवात केली, आणि तिथंच थांबला. पुन्हा म्हणाला, “ती म्हणते,” आणि त्याला पुढे जाता येईना. एवढा दांडगा माणूस, भिंतीला हात टेकून उभा. मग त्याने खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, सरळ भावाकडे.

“ऐकलंस ना तू, ती काय म्हणाली?”

“ऐकलं, दादा.”

“मग सांग. माझ्याच्यानं होत नाही.”

धाकटा बाकांच्या मधून चालत पुढे आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. “ती म्हणते, आम्ही एकमेकांना जे वाईट बोललो ते तिने एकटीने ऐकलं. आणि वर पोचवताना, खाली पोचवताना, त्यातलं वाईट तेवढं स्वतःकडे ठेवून घेतलं. आता ती दमलीय. आणि आमच्यात जो शहाणपणा नव्हता तो तिच्यात होता.”

“शेवटचं मी नाही म्हणाले,” पंच म्हणाली.

“नाही म्हणालीस. ते माझं आहे.”

“मग बाकीचं बरोबर,” ती म्हणाली, आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती पोर त्या टी-शर्टात तोंड खुपसून रडायला लागली. भोंगा बाकावरून उडी मारून आला आणि तिच्या पाठीवर थोपटायला लागला, म्हणजे जवळजवळ गुद्देच. तास संपल्याची घंटा झाली. एकही मूल जागचं हललं नाही. मोठ्या बाईंनी दारात आलेल्या शिपायाला हातानेच परत पाठवलं.

धाकट्याने पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला होता. तसाच तो थोरल्याकडे वळला.

“दादा, विचारतो. घर सोडून जाऊ का?”

थोरल्याने बोलायला तोंड उघडलं आणि कडकने धाडकन डस्टर आपटलं. खडूची भुकटी उडाली. “आधी त्यांचं!”

“तो विचारतोय,” थोरला म्हणाला, आणि त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली, “घर सोडून जाऊ का.”

“बरोबर,” धाकटा म्हणाला.

“आता माझं. नको जाऊस.”